हयातीतच मूलद्रव्याला नाव

मूलद्रव्याला हयात शास्त्रज्ञाचे नाव देण्याची प्रथा रसायनशास्त्रात उशिरा रुजली, आणि तीही वादातून. आजच्या ११८ मूलद्रव्यांत हा मान फक्त दोघांना मिळाला: ग्लेन सीबोर्ग आणि युरी ओगानेस्यान.

माणसाच्या नावाचा माग जिथवर पोहोचतो असे पहिले मूलद्रव्य सामेरियम. १८७९ मध्ये ते सामर्स्काइट या खनिजात सापडले. खनिजाला नाव होते सामार्स्की-बिखोवेत्स या रशियन खाण-अधिकाऱ्याचे. त्यांनी खनिजाचे नमुने अभ्यासकांना मिळवून दिले होते. म्हणजे पहिला मान आडवाटेने गेला. खनिजाची मध्यस्थी क्यूरियमच्या वेळी सुटली. ते १९४४ मध्ये तयार झाले, तेव्हा मारी आणि प्येर क्यूरी दोघेही हयात नव्हते.

आइन्स्टाइन आणि फर्मी यांच्या बाबतीत मात्र काळाने हुलकावणी दिली. १९५२ च्या हायड्रोजन बाँबच्या चाचणीतील अवशेषांत दोन नवी मूलद्रव्ये सापडली आणि दोघांच्या हयातीतच नावे सुचली. पण शोध गुप्त ठेवला गेला. नोव्हेंबर १९५४ मध्ये फर्मी गेले, एप्रिल १९५५ मध्ये आइन्स्टाइन. नावे जगाला कळली ती त्यानंतर.

खरी कसोटी १०६ व्या मूलद्रव्याने लागली. ते १९७४ मध्ये बर्कली येथे तयार झाले आणि मार्च १९९४ मध्ये त्यासाठी ‘सीबोर्जियम’ हे नाव जाहीर झाले. प्लुटोनियमसह दहा मूलद्रव्यांच्या शोधात सीबोर्ग यांचा वाटा होता. आवर्तसारणीच्या तळाशी ॲक्टिनाइडांची स्वतंत्र ओळ आली तीही त्यांच्याच कल्पनेतून. ज्याने सारणीची मांडणीच बदलली त्याला तिच्यात जागा देणे न्याय्यच होते. तरीही रसायनशास्त्राची आंतरराष्ट्रीय संघटना ‘आयुपॅक’ हिच्या नामकरण समितीने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये हयात व्यक्तीचे नाव नको असा पवित्रा घेतला आणि १०६ साठी रुदरफोर्डियम सुचवले. अमेरिकन केमिकल सोसायटीने ते मानले नाही. तिने सीबोर्जियम हेच नाव चालू ठेवले. शोधकांचा नाव सुचवण्याचा हक्क हा तिथला कळीचा मुद्दा होता. अखेर ऑगस्ट १९९७ मध्ये सीबोर्जियमवर शिक्कामोर्तब झाले. सीबोर्ग यांना हा मान दीड वर्षच अनुभवता आला. २५ फेब्रुवारी १९९९ रोजी ते वारले.

पायंडा पडल्यावर दुसरे नाव विनासायास आले. १९३३ साली जन्मलेले ओगानेस्यान मॉस्कोजवळील दुबना येथे अनेक दशके अतिजड मूलद्रव्यांवर काम करत होते. कॅल्शियम-४८ च्या अणुकेंद्रांचा मारा जड लक्ष्यांवर करण्याची पद्धत त्यांच्या पुढाकाराने फळाला आली. कॅलिफोर्नियमवरील अशाच माऱ्यातून ११८ वे मूलद्रव्य मिळाले. त्याचे अणू सेकंदाच्या हजाराव्या भागाइतकेही टिकत नाहीत. २८ नोव्हेंबर २०१६ रोजी त्याचे ‘ओगानेसॉन’ हे नाव मंजूर झाले. बहुतेक नव्या मूलद्रव्यांची नावे ‘-इयम’ने संपतात, पण हे निऑन, आर्गॉन यांच्या गणातले, म्हणून त्यांच्यासारखाच शेवट ठेवला गेला.