दिवा लागला, म्हणजे काम बरोबर झाले का?

24 जुलै 1879 रोजी कोलकात्यात पी. डब्ल्यू. फ्लूरी आणि कंपनीने विजेच्या दिव्याचे जाहीर प्रात्यक्षिक केले. एडिसनच्या प्रयोगशाळेतील दिवा यशस्वी व्हायला तेव्हा तीन महिने अवकाश होता. 1897 च्या नोव्हेंबरात दार्जिलिंगजवळच्या सिद्रापोंग येथे जलविद्युत केंद्र सुरू झाले आणि 17 एप्रिल 1899 रोजी कोलकात्याच्या इमामबाग लेनमधील औष्णिक केंद्रातून शहराला वीज मिळू लागली. भारतातील विजेचा इतिहास सांगताना हे टप्पे अभिमानाने सांगितले जातात, आणि ते योग्यच आहे. परंतु याच इतिहासाची दुसरी एक बाजू क्वचितच सांगितली जाते. वीज केंद्रातून निघून घराच्या उंबरठ्यापर्यंत कशी आली, हे आपण वाचतो. उंबरठ्याच्या आत तिची तार कोणी ओढावी, हा प्रश्न देशाने कसा सोडवला, किंवा सोडवायचा राहून गेला, याकडे फारसे कोणी पाहत नाही.

आरंभीच्या काळात हा प्रश्न तीव्र नव्हता. वीज सरकारी इमारतींत, गिरण्यांत, हॉटेलांत आणि श्रीमंतांच्या बंगल्यांत होती. तारकाम जाणकार कारागीर करीत. घरमालकाचा हात बटणाच्या पलीकडे जात नसे. वीज पसरू लागली, तसा कायदा आला. 1910 च्या भारतीय विद्युत अधिनियमाने विद्युत निरीक्षक हे पद दिले आणि विजेमुळे मनुष्यहानी झाल्यास त्याची सूचना देणे बंधनकारक केले. विजेचा अपघात हा दैवाचा खेळ नसून ज्याचे कारण शोधता येते अशी घटना आहे, ही भूमिका त्यामागे होती.

या भूमिकेला घराच्या संदर्भात नेमके रूप मिळाले ते 1956 च्या भारतीय विद्युत नियमांत. त्यातील 45 वा नियम सामान्य माणसाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा म्हणावा लागेल. दिवा, पंखा, फ्यूज, बटण किंवा घरगुती उपकरण बदलण्यास या नियमाची हरकत नव्हती. अट एवढीच की त्या बदलाने जोडणीची क्षमता किंवा तिचे स्वरूप बदलता कामा नये. त्यापलीकडचे प्रत्येक काम, मग ती नवी तार असो, वाढीव सॉकेट असो वा जुन्या जोडणीची दुरुस्ती असो, परवानाधारक ठेकेदाराने, प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या थेट देखरेखीखाली आणि परवाना असलेल्या तारतंत्र्याच्या हातूनच व्हावे, असे बंधन होते. 2003 च्या नव्या विद्युत अधिनियमानंतर केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने 2010 मध्ये सुरक्षाविषयक विनियम केले, तेव्हाही ही रेषा कायम राहिली.

ही रेषा पाहून अनेकांना वाटते की हा परवानाराजचाच एक अवशेष आहे. दोन तारा जोडायला कागद कशाला? तार जोडली, बटण दाबले, दिवा लागला, काम झाले. या युक्तिवादातच खरा धोका दडलेला आहे. नळाचा सांधा कच्चा राहिला तर पाणी ठिबकते, भिंत तिरपी बांधली तर डोळ्यांना दिसते. विजेचे चुकीचे काम मात्र बरोबर केलेल्या कामासारखेच दिसते. बटण फेजऐवजी न्यूट्रलवर बसवले तरी दिवा लागतो आणि विझतोही. मात्र विझलेल्या दिव्याच्या होल्डरमध्ये वीज जागीच असते. पुढे कधीतरी कोणी बटण बंद करून, निर्धास्तपणे, दिवा बदलायला हात घालतो. चूक करणारा एक असतो, तिचे मोल मोजणारा बहुधा दुसराच.

यात माणसाचे शरीर किती नाजूक ठरते, याचे मोजमाप विसाव्या शतकाच्या मध्यास झाले. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील चार्ल्स डॅलझील यांनी 134 पुरुष आणि 28 स्त्रिया अशा स्वयंसेवकांवर प्रयोग केले. प्रश्न साधा होता: हातात धरलेली जिवंत तार माणूस स्वतःच्या इच्छेने कुठपर्यंत सोडू शकतो? उत्तर पुरुषांसाठी सरासरी सुमारे 16 मिलिअँपिअर आणि स्त्रियांसाठी सुमारे साडेदहा मिलिअँपिअर असे आले. त्यापुढे स्नायू आखडतात आणि मूठ उघडत नाही. प्रवाह आणखी वाढला आणि काही क्षण छातीतून वाहत राहिला, तर हृदयाची लय बिघडते.

आता घरातल्या फ्यूजकडे पाहा. तो 5 अँपिअरचा, म्हणजे 5000 मिलिअँपिअरचा आहे. 230 व्होल्टच्या तारेला ओल्या हाताने स्पर्श झाला तर शरीरातून फार तर काहीशे मिलिअँपिअर प्रवाह जातो. माणूस दगावण्यास तो पुरेसा आहे. फ्यूजला त्याची दखलही लागत नाही. ‘शॉक बसला तर फ्यूज उडेल’ हा समज म्हणूनच घातक आहे. फ्यूज आणि त्याच्या जागी आलेले एमसीबी हे तारांना जळण्यापासून वाचवण्यासाठी असतात. वारंवार उडणाऱ्या फ्यूजमध्ये जाड तांब्याची तार घालणारा गृहस्थ तर तेवढेही संरक्षण काढून घेतो. मग वितळायचे काम भिंतीतल्या तारेवर येते, आणि ती वितळते ती भोवती आग लावूनच.

माणसाच्या रक्षणाची पहिली व्यवस्था आहे ती तिसऱ्या तारेची, म्हणजे अर्थिंगची. आपल्या तीन पिनांच्या प्लगमध्ये वरची पिन लांब आणि जाड असते, याला कारण आहे: प्लग घालताना ती सर्वांत आधी जोडली जावी आणि काढताना सर्वांत शेवटी सुटावी. इस्त्री, कूलर, गीझर यांच्या धातूच्या अंगावर वीज उतरलीच, तर तिला जमिनीकडे जाणारा सोपा मार्ग मिळतो, प्रवाह एकदम वाढतो आणि फ्यूज उडतो. पण ही तार चांगल्या दिवशी काहीच काम करीत नाही. ती तोडली तरी इस्त्री तापते, कूलर वारा देतो. त्यामुळे घरच्या घरी केलेल्या कामात पहिला बळी जातो तो तिचाच. तीन पिनांचा प्लग कापून दोन तारा सॉकेटात खुपसल्या जातात. याहून वाईट युक्ती म्हणजे सॉकेटच्या आत अर्थिंगची खूण न्यूट्रलला जोडून देणे. चाचणीच्या दिव्याला अर्थिंग ‘आले’ असे दिसते. पण पुढे कुठे न्यूट्रल तुटली, की त्याच जोडणीतून कूलरच्या पत्र्यावर पूर्ण 230 व्होल्ट येतात.

दुसरी व्यवस्थाही डॅलझील यांच्याच कामाशी जोडलेली आहे. 1961 मध्ये त्यांनी असे उपकरण सिद्ध केले, की जे जाणारा आणि परतणारा प्रवाह यांची सतत तुलना करते आणि काही मिलिअँपिअरचा फरक पडताच वीज तोडते. आपल्याकडे घरांत बसणारा 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी याच तत्त्वावर चालतो. 2010 च्या विनियमांनी गळतीपासून रक्षण करणारे असे उपकरण आवश्यक केले, मात्र कमी भाराच्या घरगुती जोडण्यांना त्यातून सूट दिली. ज्या घरांत ओली जमीन, पत्र्याच्या भिंती आणि उघडे सांधे अधिक, नेमकी तीच घरे या सवलतीमुळे उघडी राहिली.

इथे अलीकडच्या इतिहासाचा संबंध येतो. 28 एप्रिल 2018 रोजी मणिपूरमधील लेइसांग या गावी वीज पोहोचली आणि देशातील सर्व गावांचे विद्युतीकरण झाल्याचे जाहीर झाले. 2017 मध्ये सुरू झालेल्या सौभाग्य योजनेने अडीच कोटींहून अधिक घरांत वीज नेली. ही कामगिरी मोठीच आहे. पण ग्रिडवरील त्या जोडणीत घराच्या आत मिळे ते एका दिव्यापुरते तारकाम आणि मोबाइल चार्ज करण्याची सोय. पंखा, टीव्ही, पाण्याची मोटर हे सारे नंतर येते, आणि त्यासाठीची तार बहुतेक वेळा घरातलाच कोणी हौशी मुलगा ओढतो. परवानाधारक तारतंत्री तालुक्याच्या गावी असतो, त्याची मजुरी परवडत नाही. 1956 च्या नियमाने आखलेली रेषा अशा घरात कोणी जाणूनबुजून ओलांडत नाही; ती तिथपर्यंत पोहोचलेलीच नसते.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांनुसार अलीकडच्या वर्षांत देशात विजेच्या धक्क्याने दरवर्षी 10 हजारांहून अधिक माणसे मरण पावली आहेत. त्यांत शेतातले, खांबांवरचे आणि तुटलेल्या वाहिन्यांचे अपघातही येतात. सारा दोष घरगुती कारागिरीला देता येणार नाही. तरीही ज्या कारणाचा उपाय घरातच आहे, त्याकडे दुर्लक्ष करण्याचे कारण उरत नाही.

प्रश्नाला आता नवे वळण लागले आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेचे उद्दिष्ट एक कोटी घरांच्या छपरांवर सौरसंच बसवण्याचे आहे. सौरफलकातून येते ती एकदिश वीज. 1899 मध्ये कोलकात्याला पुरवली गेली तीही एकदिशच होती. काळाचा हा एक गमतीदार फेरा. ही वीज मुख्य बटण बंद केल्याने थांबत नाही. ऊन आहे तोवर फलकाकडून इन्व्हर्टरकडे येणारी तार जिवंतच राहते. शिवाय, प्रत्यावर्ती प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, म्हणून त्याची ठिणगी विझण्यास मदत होते. एकदिश प्रवाहाची ठिणगी तशी विझत नाही. पंख्याच्या बटणावर हात बसलेल्या माणसाचा अनुभव छपरावर उपयोगी पडत नाही.

म्हणून 1956 ची ती जुनी रेषा आजही ध्यानात ठेवण्यासारखी आहे. दिवा बदला, मुख्य बटण बंद करून फ्यूजही बदला. नवी तार, नवे सॉकेट, अर्थिंग, इन्व्हर्टर किंवा सौरसंच आला, की परवाना असलेल्या माणसालाच बोलवा आणि त्याचा परवाना पाहण्यात संकोच बाळगू नका. घरात आरसीसीबी असेल तर त्यावरील ‘टी’ अक्षराचे बटण आज दाबून पाहा. वीज तत्काळ गेली पाहिजे. गेली नाही, तर ते उपकरण तुमचे रक्षण करीत नाही. फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकाच वेळी हातात आल्या, तर तेही वाचवू शकत नाही, हेही लक्षात असू द्या. आणि नवे काम करून गेलेल्या माणसाला ‘दिवा लागला का?’ एवढेच विचारू नका. ‘अर्थिंग मोजले का?’ हेही विचारा.