जुनी रोड बाइक ऑनलाइन घेताय? किंमत विचारण्याआधी स्वतःच्या पायाची लांबी मोजा

‘फक्त ४०० किलोमीटर चाललेली. एकही ओरखडा नाही. घरात जागा नाही म्हणून विकतोय. आधी येईल त्याला.’

पुणे, मुंबई किंवा नाशिकच्या सायकल खरेदी-विक्रीच्या एखाद्या ग्रुपवर अशी पोस्ट पडली की काही मिनिटांत किमतीची घासाघीस सुरू होते. गिअर कुठले, फ्रेम कार्बनची की अ‍ॅल्युमिनियमची, शेवटची किंमत किती, हे सगळं विचारलं जातं. साइज मात्र बरेच जण शेवटी विचारतात. ‘५ फूट ८ इंचाला चालेल ना?’ यावर ‘हो, आरामात’ असं उत्तर येतं आणि व्यवहार ठरतो.

इथेच पैसे अडकतात. जुन्या सायकलची चेन बदलता येते, टायर बदलता येतात, चाकाचा आउट काढता येतो. फ्रेमची लांबी बदलता येत नाही.

साध्या सायकलवर हे फारसं जाणवत नाही, कारण तिच्यावर आपण सरळ बसतो आणि दहा मिनिटांत उतरतो. रोड बाइकवर शरीर पुढे झुकलेलं असतं आणि त्याच अवस्थेत तासन् तास काढायचे असतात. मिनिटाला ८० वेळा पायडल फिरवलं तर तासाला ४,८०० फेऱ्या होतात. २०० किलोमीटरच्या बीआरएम राइडसाठी साडेतेरा तासांची मुदत असते. त्यातले दहा तास पायडल मारलं असं धरलं तरी प्रत्येक गुडघा ४८,००० वेळा वाकतो. तो दर वेळी चुकीच्या कोनात वाकत असेल तर दुखणं मागे लागतं.

सीट खूप खाली असेल तर गुडघ्याच्या पुढच्या बाजूला कळ येते. खूप वर असेल तर गुडघ्याच्या मागे ओढ बसते आणि कंबर डावी-उजवीकडे डुलते. हँडल लांब पडलं की मान आणि खांदे भरून येतात, तळहात बधिर होतात. सीटची उंची पाना फिरवून दोन मिनिटांत बदलता येते. हँडलपर्यंतचं अंतर मात्र मुळात फ्रेमच ठरवते.

उंची नाही, इनसीम

५ फूट ८ इंचाच्या दोन माणसांपैकी एकाचे पाय लांब असतात, तर दुसऱ्याचं धड. दोघांना एकच सायकल बसेल असं नाही. म्हणून मोजायची गोष्ट म्हणजे इनसीम, म्हणजेच जांघेपासून जमिनीपर्यंतचं अंतर.

अनवाणी, भिंतीला पाठ टेकून उभे राहा. दोन्ही पावलांत साधारण १५ सेंटीमीटर अंतर ठेवा. जाड पुठ्ठ्याचं पुस्तक पायांच्या मध्ये धरा. त्याची एक कड भिंतीला चिकटलेली असू द्या आणि सीटवर बसल्यावर जाणवेल इतपत ते वर दाबा. पुस्तकाच्या वरच्या कडेपाशी भिंतीवर खूण करा आणि जमिनीपासून ती मोजा. हे तीनदा करून सरासरी काढा. पँटवरचा इनसीमचा आकडा वापरू नका, तो वेगळा असतो.

आता एक जुना हिशेब. टूर दि फ्रान्स तीनदा जिंकणाऱ्या अमेरिकन सायकलपटू ग्रेग लेमाँडच्या नावाने ओळखलं जाणारं सूत्र सांगतं की इनसीमला ०.८८३ ने गुणलं की सीटची उंची मिळते. ही उंची क्रँकच्या मध्यापासून सीटच्या वरच्या पृष्ठभागापर्यंत, सीटच्या दांड्याला समांतर मोजायची. समजा इनसीम ७८ सेंटीमीटर आहे, तर सीट जवळपास ६९ सेंटीमीटरवर येईल. त्याच इनसीमला ०.६७ ने गुणलं की पारंपरिक फ्रेमचा साइज मिळतो: सुमारे ५२.

हे आकडे म्हणजे फक्त सुरुवात. बुटाचा सोल, पायडलचा प्रकार, मांडीच्या मागच्या स्नायूंची लवचीकता यामुळे एखाद-दोन सेंटीमीटर इकडे-तिकडे होतात. पण ५८ ची सायकल बघायला ५२ वाल्याने नाशिकहून पुण्याला येऊ नये, इतकं तरी यातून नक्की कळतं.

‘५४’ म्हणजे नक्की काय?

पूर्वी फ्रेमचा वरचा दांडा जमिनीला समांतर असायचा आणि ५४ म्हणजे सीटच्या दांड्याची लांबी ५४ सेंटीमीटर असा सरळ अर्थ होता. आता बहुतेक फ्रेमचा वरचा दांडा मागे उतरता असतो. त्यामुळे एका कंपनीची ५४ आणि दुसरीची ५४ सारखी निघेलच असं नाही. काही कंपन्या तर आकडाच देत नाहीत, एस-एम-एल लिहितात. टी-शर्टसारखंच इथेही एकाचं मीडियम दुसऱ्याच्या लार्जजवळ जाऊ शकतं.

तुलना करायची तर दोन मापं बघा: स्टॅक आणि रीच. क्रँकच्या मध्यापासून हँडलच्या नळीच्या वरच्या टोकापर्यंतचं उभं अंतर म्हणजे स्टॅक आणि आडवं अंतर म्हणजे रीच. विक्रेत्याकडून मॉडेलचं पूर्ण नाव आणि वर्ष घ्या. कंपनीच्या वेबसाइटवर त्या वर्षाचा जॉमेट्री चार्ट सहसा मिळतो. मित्राची सायकल चालवून बघितली असेल आणि ती अंगाला बसली असेल, तर तिचे हे दोन आकडे लिहून ठेवा. पुढच्या प्रत्येक जाहिरातीसाठी तीच तुमची फूटपट्टी.

साइज थोडा चुकला तर काय करता येतं? हँडल आणि फ्रेम जोडणारा स्टेम बदलून एक-दोन सेंटीमीटर कमी-जास्त करता येतात. म्हणजे शेजारच्या साइजची फ्रेम बहुतेकदा सांभाळून घेता येते. दोन साइजचा फरक मात्र सोडून द्यावा. दोन साइजच्या मध्ये अडकला असाल तर सहसा लहान फ्रेम बरी पडते. तिची सीट वर करता येते, स्टेम लांब लावता येतो. मोठी फ्रेम कापून लहान करता येत नाही.

कमी उंचीच्या चालकांची, त्यातही अनेक मुलींची अडचण वेगळी आहे. ४४ ते ४८ साइजच्या जुन्या सायकली बाजारात कमीच येतात, त्यामुळे ‘होईल सवय’ म्हणून ५२ गळ्यात मारली जाते. थोडं थांबलेलं परवडतं. छोट्या फ्रेमवर हँडल वळवल्यावर बुटाचं टोक पुढच्या चाकाला लागतं का आणि ब्रेकच्या लिव्हरपर्यंत बोटं सहज पोहोचतात का, एवढं मात्र बघून घ्या.

फोटो बरंच काही सांगतो

जाहिरातीतला फोटो मोठा करून बघा. सीटचा पाइप हातभर वर काढलेला आणि लांबलचक स्टेम बसवलेला दिसला, तर सायकल मालकाला लहान पडत होती. सीट फ्रेमला जवळपास टेकलेली आणि स्टेम अगदी आखूड असेल तर उलटं. मालकाला विचारा, ‘तुमची उंची किती?’ या एका प्रश्नात अर्धी माहिती मिळते.

मग हे फोटो मागवा: चेनच्या बाजूने पूर्ण सायकल, मागचे गिअर जवळून, क्रँकच्या खालच्या बाजूला कोरलेला फ्रेम नंबर, मूळ बिल आणि सीटच्या दांड्यावर टेप धरून घेतलेलं माप. शेवटचा फोटो ज्याला द्यायचा नसतो, त्याच्याकडे सायकल नसण्याचीही शक्यता असते.

किंमत ठरवताना जुन्या बिलावरचा आकडा डोक्यात धरू नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलींवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे, त्यामुळे तुलना आजच्या नव्या सायकलच्या किमतीशी करा. गिअरसेट बघा. शिमानोमध्ये क्लॅरिस, सोरा, टियाग्रा, १०५, अल्टेग्रा अशी चढती भाजणी आहे. रोड बाइकमध्ये ब्रेक आणि गिअर एकाच लिव्हरमध्ये असतात आणि ती जोडी बिघडली तर खर्च मोठा येतो. तेव्हा प्रत्येक गिअर पडतो का, याला ओरखड्यांपेक्षा जास्त महत्त्व द्या.

आणि ‘रस्त्यावर नेलीच नाही, फक्त घरी ट्रेनरवर चालवली’ याचा अर्थ नवीकोरी असा होत नाही. ट्रेनरवर घाम थेट हँडलवर आणि स्टेमवर गळतो. हँडलच्या टेपखाली गंज किंवा पांढरी भुकटी साचलेली असू शकते. मुंबई, कोकण किंवा गोव्यातल्या बाल्कनीत वर्षानुवर्षं उभी राहिलेली सायकलही खाऱ्या हवेने अशीच खाल्लेली असते.

प्रत्यक्ष बघायला गेल्यावर

दिवसाउजेडी जा. सोबत एक फूटपट्टी, षटकोनी चाव्यांचा सेट आणि फडकं न्या.

आधी फ्रेम पुसा. हँडलच्या नळीखालचा जोड, क्रँकभोवतीचा भाग आणि सीट आवळायची जागा इथे केसासारखी रेघ दिसते का ते नीट बघा. रंग फुगलेला किंवा सुरकुतलेला असेल तर समोरून धडक झाल्याची शंका घ्या. कार्बन फ्रेमवर नाण्याने हलकेच टकटक करत पुढे सरकतात. आवाज एका ठिकाणी अचानक बसका झाला तर आत थर सुटलेले असू शकतात. ही चाचणी खात्रीची नाही, पण शंका आली तर जाणकाराला दाखवल्याशिवाय व्यवहार करू नका. अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम वाकली तर दिसते, कार्बन बाहेरून ठीक दिसून आतून तुटलेलं असू शकतं.

मग सीटचा पाइप सैल करून हलवून बघा. तो जाम असेल तर सायकल तुमच्या मापाला बसवताच येणार नाही. पाइपवर ‘यापेक्षा वर नको’ अशी खूण असते. तुमच्या उंचीला ती खूण बाहेर येत असेल तर फ्रेम लहान आहे.

चेन मोजायला फूटपट्टी पुरते. एका पिनच्या मध्यावर शून्य धरा. नव्या चेनमध्ये त्यापुढची चोविसावी पिन बरोबर १२ इंचांवर येते. ती एक षोडशांश इंच पुढे गेली असेल तर चेन बदलायची वेळ झाली. एक अष्टमांश इंच पुढे गेली असेल तर मागचा कॅसेटही बहुधा गेला. दोन्हींचा खर्च किमतीतून वजा करायला सांगा.

चाक उचलून फिरवा आणि ब्रेकपाशी डुलतं का बघा. थोडा आउट असेल तर दुकानात निघतो, रिमला ठोका बसलेला असेल तर नाही. रिम ब्रेक असतील तर रिमच्या कडेवरून बोट फिरवा. ती वाटीसारखी आत गेलेली लागली तर रिम झिजली आहे. डिस्क असेल तर शिमानोची नवी चकती १.८ मिलिमीटर जाड असते आणि १.५ वर ती बदलावी लागते. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलवा, मग क्रँक धरून डावीउजवीकडे हलवा. कुठे खटखट जाणवली तर तिथे प्ले आहे.

आता फिटिंग. भिंतीला हात टेकून सीटवर बसा, पायडल सगळ्यात खाली आणा आणि टाच त्यावर ठेवा. पाय सरळ झाला की उंची जवळपास बरोबर. नेहमीसारखा पुढचा पंजा ठेवलात की गुडघा किंचित वाकलेला राहील. सीट तुमच्या मापावर आणल्याशिवाय चाचणीची चक्कर मारू नका, नाहीतर मालकाच्या शरीराची चाचणी होईल. कमीत कमी १५-२० मिनिटं चालवा, एखादा चढ घ्या. हात ब्रेकच्या लिव्हरवर असताना कोपर थोडे वाकलेले राहतात का? श्वास मोकळा येतो का? सारखं सीटच्या टोकाकडे सरकावं लागतंय का? असेल तर हँडल लांब पडतंय.

पैसे देताना

‘मी लष्करात आहे, बदली झाली, सायकल आर्मी ट्रान्सपोर्टने पाठवतो, आधी टोकन द्या.’ ऑनलाइन जुन्या वस्तूंच्या बाजारातली ही फसवणूक आता जुनी झाली, तरी माणसं तिला फसतातच. गणवेशातला फोटो आणि ओळखपत्र पाठवलं म्हणून ते खरं ठरत नाही. सायकल हाताने धरल्याशिवाय टोकन देऊ नका. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. जितका उशीर, तितकी रक्कम अडवणं कठीण.

दुसरा धोका चोरीच्या मालाचा. सायकलला आरसी बुक नसतं, त्यामुळे मालकी सिद्ध करणारा कागद म्हणजे बिलच. चोरीचा माल आहे हे माहीत असून किंवा तसं मानायला कारण असूनही तो अप्रामाणिकपणे घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे आणि त्यासाठी तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. लाखाची सायकल वीस हजाराला, बिल नाही आणि फ्रेम नंबर खरवडलेला, असं असेल तर परत फिरा.

बिल खरंच हरवलं असेल तर सायकल कोणत्या दुकानातून घेतली ते विचारा आणि तिथे फोन करा. नेहमीच्या गिऱ्हाइकाची महागडी सायकल दुकानदाराला बऱ्याचदा आठवत असते. सगळं जुळलं की साध्या कागदावर पावती करा: दोघांची नावं आणि पत्ते, मॉडेल, फ्रेम नंबर, रक्कम, तारीख, दोघांच्या सह्या. विक्रेत्याच्या ओळखपत्राची प्रत जोडा आणि पैसे रोख न देता खात्यावर पाठवा. सायकल घरी आणल्यावर सीटच्या पाइपवर तुमच्या उंचीपाशी चिकटपट्टीची खूण करा, म्हणजे सर्व्हिसिंगला दिल्यावर मेकॅनिकने सीट खालीवर केली तरी तुमचं माप हरवणार नाही.