मॅकिंटॉशचा एकबटणी माउस

मॅकिंटॉशचा एकबटणी माउस हे अ‍ॅपल कंपनीने १९८३ साली लिसा आणि १९८४ साली मॅकिंटॉश या संगणकांसोबत दिलेले उपकरण होय. मॅकिंटॉश आणि विंडोज या प्रतिस्पर्धी प्रणालींची तुलना करताना त्याच्याविषयी अनेक गैरसमज रूढ झाले. एकच बटण असणे ही संगणकाची मर्यादा नव्हती. तो विचारपूर्वक घेतलेला निर्णय होता.

शोध

माउसचा शोध अ‍ॅपलने किंवा मायक्रोसॉफ्टने लावला, हा समज चुकीचा आहे. डग्लस एंगेलबर्ट यांच्या कल्पनेनुसार बिल इंग्लिश यांनी १९६४ च्या सुमारास स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत पहिला लाकडी नमुना तयार केला. त्याला एकच बटण होते. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथील जाहीर प्रात्यक्षिकात तीन बटणांचा माउस वापरला गेला. झेरॉक्सच्या अल्टो संगणकाच्या (१९७३) माउसलाही तीन बटणे होती.

एका बटणामागील विचार

नवख्या वापरकर्त्याला कोणते बटण दाबावे, हा प्रश्न पडू नये, हा अ‍ॅपलचा हेतू होता. त्यामुळे आज्ञा पडद्यावरील मेनूमध्ये उघडपणे मांडणे आवश्यक ठरले आणि फाइल उघडण्यासाठी दुहेरी क्लिकची पद्धत स्वीकारली गेली.

राइट क्लिकविषयीचा गैरसमज

मॅकिंटॉशवर राइट क्लिक करताच येत नाही, असा समज दीर्घकाळ प्रचलित होता. मॅक ओएस ८ (१९९७) मध्ये कंट्रोल कळ दाबून क्लिक केल्यास संदर्भ मेनू उघडत असे. २००१ साली आलेल्या मॅक ओएस एक्सने दोन बटणांचे माउस स्वतंत्र सॉफ्टवेअरविना स्वीकारले. अ‍ॅपलने स्वतःचा बहुबटणी ‘मायटी माउस’ २००५ मध्ये आणला. मात्र त्यातील राइट क्लिकची सोय सुरुवातीला बंद असे व ती सेटिंगमधून सुरू करावी लागे.

विंडोजविषयीचा गैरसमज

विंडोज वापरण्यासाठी दोन बटणांचा माउस अनिवार्य आहे, हा समजही चुकीचा आहे. शिफ्ट आणि एफ१० या कळा एकत्र दाबूनही संदर्भ मेनू उघडतो. माउस हाताळू न शकणाऱ्या व्यक्तींसाठी ही सोय महत्त्वाची ठरते. डावखुऱ्या व्यक्तींना दोन्ही बटणांच्या कामांची अदलाबदल करता येते. तसे केल्यावर ‘राइट क्लिक’ डाव्या बटणाने होते.