पायगाडी आणि वाट

आमच्या शाळकरी वयांत डोंबिवलीस सायकल तासाच्या भावानें भाड्यानें मिळत असे. दुकानदार नांव, पत्ता आणि वेळ वहींत टिपून घेई, अंगठ्यानें टायर दाबून पाही, आणि मगच सायकल आमच्या हातीं देई. एका संकष्टीला आम्ही तिघे मित्र अशा भाड्याच्या सायकलींवर टिटवाळ्यास गेलों. कल्याणचा पत्री पूल ओलांडला, गांव मागें पडलें, दोहों बाजूंस भातखाचरें दिसूं लागलीं, तेव्हां आपण फार दूरच्या मुलखांत आलों आहों असा भास झाला. परततांना एका सायकलीची ट्यूब फुटली. दुकानदारानें उशिराचे पैसे घेतलेच, पण पंक्चरचेही घेतले. त्याचें विशेष वाईट वाटलें नाहीं. घरीं वडिलांनीं विचारलेला प्रश्न मात्र अद्याप लक्षांत आहे. ते म्हणाले, "अरे, टिटवाळ्याला आगगाडी जाते ना? मग सायकलवर जाण्याचें काम काय होतें?"

काम कांहींच नव्हतें. आणि काम नसतांना रस्त्यावर असणें म्हणजे उनाडकी, ही समजूत आमच्या मध्यमवर्गीय घरांत इतकी पक्की होती कीं त्या प्रश्नास उत्तर असूं शकतें हेंच कोणाच्या मनांत येत नसे. पुढें वाचनांत विलायतेच्या ग्रामभागांतून सायकलीवर रमतगमत हिंडणाऱ्या लोकांची हकीकत आली, तेव्हां प्रथम हेवा वाटला. सौम्य हवा, हिरव्या कुंपणांमधून जाणाऱ्या वळणाच्या वाटा, दगडी पूल, गांवोगांवीं चहाची सोय! एवढें असल्यावर कोण बरें हिंडणार नाहीं? परंतु त्या हकीकतींत अधिक शिरल्यावर असें दिसून आलें कीं, हें सुख निसर्गानें त्या लोकांच्या पदरांत टाकलेलें नव्हतें. तें त्यांनीं खटपटीनें, वर्गण्या काढून आणि प्रसंगीं कोर्टाची पायरी चढून मिळविलें होतें.

यंत्राचा इतिहास थोडक्यांत सांगतां येतो. जर्मनींतील कार्ल ड्राइस यानें १८१७ मध्यें पायांनीं जमीन रेटीत जाण्याचें दुचाकी वाहन तयार केलें. १८६० नंतरच्या दशकांत पॅरिस येथें त्याला पायटे लागले. मग पुढें भलें मोठें आणि मागें इवलेंसें चाक असलेली उंच सायकल आली. तिच्यावरून पडणें म्हणजे माडीवरून पडणें. १८८५ मध्यें कॉव्हेंट्रीच्या जॉन केंप स्टार्ली यानें सारख्या चाकांची, साखळीनें फिरणारी 'रोव्हर' बनविली आणि १८८८ मध्यें डनलॉप यानें हवा भरलेल्या टायरचें पेटंट घेतलें. आजची सायकल त्या तीन वर्षांतच जन्मली म्हटलें तरी चालेल.

खरी मौज आहे ती रस्त्यांच्या इतिहासांत. १८३० मध्यें लिव्हरपूल आणि मँचेस्टर यांच्यामध्यें आगगाडी सुरू झाली आणि पुढील वीसपंचवीस वर्षांत तिनें इंग्लंडांतील घोड्यांच्या टपालगाड्या पार बुडविल्या. जेथें रात्रंदिवस घोडे बदलले जात, त्या मोठमोठ्या पांथशाळा ओस पडल्या. टोल वसूल करून रस्ते राखणारीं मंडळें एकामागून एक मोडलीं. त्यांतलें शेवटचें १८९५ मध्यें मिटलें. अशा ओस रस्त्यावर सायकलस्वार आला. त्याला वाट मोकळी मिळाली हें खरें, पण ती खडबडीत होती, उतार कोठें जीवघेणा आहे हें सांगणारें कोणी नव्हतें, आणि घोडेस्वार, गाडीवान व न्यायाधीश या तिघांच्याही दृष्टीनें तो एक उपद्रवच होता.

म्हणून १८७८ मध्यें हॅरोगेट येथें सायकलनें प्रवास करणाऱ्यांनीं आपला एक क्लब स्थापन केला. १८८३ पासून तो 'सायक्लिस्ट्स टूरिंग क्लब' या नांवानें प्रसिद्ध झाला. या मंडळीनें काय केलें पहा. ज्या पांथशाळेचा मालक सभासदांस ठरल्या दरानें जेवण व खोली देण्यास तयार होई, तिच्या भिंतीवर पंख असलेल्या चाकाची लोखंडी खूण लावण्यांत येई. धोक्याच्या उतारांवर इशाऱ्याच्या पाट्या क्लबच्या खर्चानें उभ्या राहिल्या. वाटांचीं वर्णनें छापून निघालीं. १८८६ मध्यें रस्ते सुधारण्याची चळवळ करणारी एक स्वतंत्र संस्थाच सायकलस्वारांनीं काढली. शेवटीं १८८८ च्या एका कायद्यानें सायकल ही 'गाडी' ठरली, आणि गांवोगांवच्या अधिकाऱ्यांनीं तिच्यावर घातलेल्या लहरी बंद्या रद्द झाल्या. त्या बदल्यांत घंटी वाजविण्याचें बंधन आलें. माझ्या मतें सायकलीच्या इतिहासांत टायरच्या शोधाइतकेंच या कलमाला महत्त्व आहे. एकानें हाडें वांचविलीं, दुसऱ्यानें हक्क दिला.

हक्क सर्वांस सारखा मिळाला असें मात्र नव्हे. १८९८ मध्यें लेडी हार्बर्टन नांवाच्या एक सरदारघराण्यांतील बाई सरे परगण्यांतील ओकहॅम येथील पांथशाळेंत सायकलनें गेल्या. घोळदार झग्याऐवजीं त्यांनीं सायकलीस सोयीचा सैल विजारीसारखा पोशाख केला होता. मालकिणीनें त्यांस सभ्य स्त्रियांच्या खोलींत बसूं दिलें नाहीं. गुत्त्याला लागून असलेली खोली दाखविली. क्लबनें फिर्याद केली आणि पुढील वर्षीं ती हरली. ज्यूरीचें मत मालकिणीकडे पडलें. खटला हरला तरी गाजला, आणि सायकलवर बसलेली स्त्री कोठें बसूं शकते हा प्रश्न घरोघर चघळला गेला. आमच्याकडे नऊवारीचें पांचवारी होण्यांत सायकलीचा वांटा किती, हें कोणी शोधून काढील तर बरें होईल.

आणखी एक गोष्ट या सुखाच्या मुळाशीं होती, ती म्हणजे सुटी. शनिवारीं दुपारीं कारखाना बंद होऊं लागला म्हणून कामगार सायकल घेऊन शहराबाहेर पडूं शकला. १८९४ मध्यें बर्मिंगहॅम येथें समाजवादी मतांच्या तरुणांनीं 'क्लॅरियन' सायकल क्लब काढला. हे लोक सहलीला जात आणि जातां जातां आपलें पत्रही खेड्यापाड्यांत वांटीत. सुटीचा हा धागा थेट ठाण्याशीं येऊन जुळतो. मुंबईच्या गिरणी कामगारांस रविवारची सुटी मिळाली ती १८९० च्या जून महिन्यांत, आणि त्यासाठीं सहा-सात वर्षें झगडणारे नारायण मेघाजी लोखंडे यांचा जन्म ठाण्याचा. रविवारीं पहांटे ठाण्याहून सायकल घेऊन निघणाऱ्या मंडळींना हें नांव ठाऊक असतेंच असें नाहीं. ठाऊक असावें, असें मला वाटतें.

म्हणजे सुटी आली. सायकलही पाठोपाठ आली. ती प्रथम कोणाच्या हातीं पडली हें सांगण्यासारखें आहे. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें शिकविणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनीं आपले बंधु रामूअण्णा यांच्यासह बेळगांवीं सायकलींचें दुकान मांडलें. एका सायकलीची किंमत तेव्हां सातशें ते हजार रुपयांच्या घरांत असे, आणि बसावयास शिकविण्याची फी पंधरा रुपये. या दुकानांतूनच पुढें नांगरांचा कारखाना आणि १९१० मध्यें किर्लोस्करवाडी उभी राहिली, हें वाचकांस विदित आहे. पण जें वाहन इंग्लंडांत गिरणीमजुराचें सुख होऊं पाहत होतें, तें आमच्याकडे प्रथम साहेबाच्या आणि श्रीमंताच्या दारांत उभें राहिलें, हें त्या आंकड्यांवरून ध्यानांत येतें.

सायकलनें केलेल्या पराक्रमाची कथा आमच्याकडे आहे, आणि ती फार मोठी आहे. १५ ऑक्टोबर १९२३ रोजीं मुंबईहून सहा पारशी तरुण जगाच्या सफरीस निघाले. त्यांपैकीं आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भुमगरा हे तिघे इराण, इराक, सिरियाचें वाळवंट, युरोप, अमेरिका, जपान, चीन असें करीत ४४,००० मैल तुडवून १९२८ च्या मार्चमध्यें परत आले. वाचून ऊर भरून येतो. परंतु पराक्रम निराळा आणि फेरफटका निराळा. वाळवंट ओलांडणाऱ्याचें आपण कौतुक करतों, घराजवळच्या नदीकांठीं विनाकारण सायकल टेकून बसणाऱ्याला मात्र विचारतों, "काम काय होतें?"

ठाणें-कल्याण या मुलखांत हा प्रश्न अधिकच जोरानें विचारला जावा याला ऐतिहासिक कारण आहे. हिंदुस्थानांतील पहिली उतारूंची आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास आली आणि पुढील वर्षाच्या मे महिन्यांत ती कल्याणास पोंचली. म्हणजे येथें सायकल यावयाच्या कितीतरी आधीं आगगाडी येऊन बसली होती. आमचा गृहस्थ सकाळीं मुंबईस जाणार आणि दिवेलागणीस परतणार. त्याच्या दिवसाचें घड्याळ स्टेशनावर टांगलेलें. सायकल स्वस्त झाली, १९४० नंतर ती देशांतच बनूं लागली, तेव्हां ती या भागांत आली ती घर आणि स्टेशन यांमधील मैल-दीड मैल तोडण्यासाठीं. दूधवाला, पोस्टमन, पाववाला, डबेवाला यांची ती जोडीदारीण झाली. इंग्लंडांत आगगाडीनें रस्ता रिकामा करून तो सायकलीला दिला. आमच्याकडे आगगाडीनें सायकललाच स्टेशनाच्या दावणीला बांधलें.

आणि कायदा? तोही होता. अनेक नगरपालिका सायकलीवर वार्षिक कर घेत, त्याचा पत्र्याचा बिल्ला सायकलीवर लावावा लागे, आणि रात्रीं दिवा नसला किंवा मागें कोणी बसला कीं शिपाई शिटी फुंकी. कर घेऊं नये असें नव्हे. पण त्या करांतून सायकलीसाठीं हातभर रुंदीची पट्टी कोणीं आंखल्याचें आमच्या बालपणीं तरी पाहिलेलें नाहीं. आणि आम्हीही कधीं क्लब काढून ती मागितली नाहीं. दोष एकट्या नगरपालिकेचा कसा म्हणावा?

वाटसरूची सोय करणें हें आपल्याकडे परकें होतें, असें मात्र कोणी म्हणूं नये. कल्याण हें दोन हजार वर्षांपूर्वींचें बंदर. पहिल्या शतकांतील ग्रीक खलाशाच्या 'पेरिप्लस' या पुस्तकांत त्याचा उल्लेख आहे. तेथें उतरलेला माल बैलांच्या पाठीवर लादून मुरबाडवरून नाणेघाटानें जुन्नरकडे चढे. या घाटाच्या माथ्यावर सातवाहनांची राणी नागनिका हिचा प्रसिद्ध लेख असलेलें लेणें आहे, आणि जकातीचा म्हणून लोक दाखवितात तो दगडी रांजणही आहे. मला त्याहून अधिक मोलाच्या वाटतात त्या तेथील पाण्याच्या पोढी. कातळांत खोदलेल्या या टांक्यांपैकीं एकीवर, सोपाऱ्याच्या कोणा माणसानें ती दान दिल्याचें कोरलेलें आहे. कण्हेरी आणि जुन्नर येथील लेण्यांतही कल्याणच्या दात्यांचीं नांवें येतात. घाट चढून आलेला तहानलेला मनुष्य कोण, कोणत्या कामास निघाला, हें त्या सोपारकरानें विचारलें नव्हतें. पंख असलेल्या चाकाची लोखंडी खूण आणि ती पोढी या एकाच जातीच्या वस्तु आहेत.

इंग्लंडची गोष्ट पुढें कशी झाली हेंही सांगितलें पाहिजे, नाहीं तर चित्र फसवें होईल. सायकलस्वारांनीं भांडून सुधारून घेतलेले रस्ते मोटारींनीं बळकावले. १९४९ नंतर तेथील सायकलीचा वापर झपाट्यानें उतरला, आणि वळणाच्या वाटांवरून सुखानें जाणें जिवावरचें होऊन बसलें. मग ब्रिस्टल आणि बाथ या शहरांमधील बंद पडलेल्या आगगाडीचे रूळ जेथें होते, त्या जागेवर १९७९ ते १९८६ या काळांत, बऱ्याच अंशीं स्वयंसेवकांच्या हातांनीं, सायकलीची वाट तयार करण्यांत आली. शंभर वर्षांपूर्वीं आगगाडीनें रस्ता रिकामा करून दिला, आणि आतां ती स्वतःच रस्ता होऊन राहिली! आमच्या बाजूस असें कांहीं घडण्याची आशा नको. येथील लोहमार्ग रिकामे होण्याऐवजीं चौपदरी, सहापदरी होत आहेत.

अलीकडे ठाण्यास, कल्याणास, डोंबिवलीस पुन्हा सायकली दिसूं लागल्या आहेत. हलक्या, गियरच्या, शिरस्त्राण घातलेल्या स्वारांच्या. कोणी येऊरच्या चढावर जातात, कोणी घोडबंदरच्या रस्त्यानें, कोणी कशेळीचा पूल ओलांडून वज्रेश्वरीकडे. निघण्याची वेळ पहांटे पांचची, कारण ट्रकांची रांग लागण्यापूर्वीं परतावयाचें असतें. भिवंडीच्या गोदामांकडे जाणारा ट्रक पाठीशीं गुरगुरत असला म्हणजे डोंगर पाहण्याचें सुचत नाहीं. विलायती प्रवासवर्णनांत स्वार वाटेंत उतरून फुलाचें नांव विचारतो; येथें उतरावयाला रस्त्याला कडाच शिल्लक नसते.

गेल्या आश्विनांत मीं दोघां तरुण स्नेह्यांबरोबर कल्याणहून नाणेघाटाकडे सायकल काढली. साठी जवळ आलेल्या माणसानें असें करावें कीं नाहीं यावर घरीं बरीच चर्चा झाली. मुरबाडपर्यंत अंधार होता. पुढें भात पिवळें पडलेलें दिसलें आणि डाव्या-उजव्या बाजूस धुकें उठूं लागलें. वैशाखऱ्याच्या पुढें एका घराच्या अंगणांत सायकली ठेवल्या. घरच्या आजींनीं भाडें विचारलें नाहीं. "वरून खालीं याल तेव्हां चहा घ्या, बाबांनो," एवढेंच म्हणाल्या. घाट पायींच चढावा लागतो. वर पोढींत पाणी होतें, गार आणि शेवाळाच्या वासाचें. आम्ही तोंडावर मारून घेतलें. खालीं आलों तोंवर महामार्ग पुरता जागा झाला होता. आजींचा चहा घेतला, पंधरा मिनिटें त्या वाहत्या ट्रकांकडे पाहत राहिलों, आणि मग एक टेंपो थांबवून सायकली त्यांत टाकून कल्याणास परतलों.