सोळा शाळा, तीस वर्षं आणि एक टक्केवारी

सध्या शाळाशाळांत 'स्टीम'चे कार्यक्रम जोरात आहेत. विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनीअरिंग, कला, गणित सगळं एकत्र, आणि वर करिअरची तयारी. रोबोटचा किट येतो, कार्यशाळा होते, शेवटी अहवाल निघतो: आम्ही इतक्या मुलांपर्यंत पोचलो. मी सॉफ्टवेअरवाला माणूस, दिवसभर डॅशबोर्ड बघत असतो. त्यामुळे मला लगेच प्रश्न पडतो: पोचलात ते ठीक, पण फरक काय पडला? आणि तो मोजला कसा? हाच प्रश्न आपल्या देशात एका चांगल्या कार्यक्रमाला फार महागात पडलाय. त्याची गोष्ट आज.

साल १९७२. मध्य प्रदेशातला होशंगाबाद जिल्हा, ज्याला आता नर्मदापुरम म्हणतात. किशोर भारती आणि रसुलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी सरकारची परवानगी घेतली आणि १६ शाळांत सहावी ते आठवीला विज्ञान शिकवायची रीतच बदलली. किशोर भारती सुरू करणारे अनिल सद्गोपाल मुंबईच्या टीआयएफआरमधून आलेले. तिथले आणि दिल्ली विद्यापीठातले शास्त्रज्ञ खेड्यातल्या मास्तरांसोबत बसून धडे तयार करायचे. पुस्तकाचं नाव 'बाल वैज्ञानिक', आणि गंमत म्हणजे त्यात उत्तरंच नाहीत! चार-चार मुलांचे गट करायचे, प्रयोग करायचा, दिसलं ते लिहायचं, का झालं यावर आपसात वाद घालायचा. वर्गाबाहेरचं काही डोक्यात आलं, तर 'सवालीराम'ला पत्र टाकायचं. सवालीराम काल्पनिक, पण त्याच्याकडून येणारी उत्तरं खरी.

परीक्षा तर मला सगळ्यात भारी वाटते. आठवीच्या बोर्डाला विज्ञानाच्या पेपरात पुस्तक उघडं ठेवायची मुभा होती. शिवाय हाताने प्रयोग करून दाखवायचा. पाठांतर मोजायचंच नाही, तर पुस्तक लपवायचं कशाला? काय मोजायचं हे आधी ठरवलं आणि मग परीक्षा बनवली. आपल्याकडे बहुतेक वेळा उलटं होतं.

त्या अभ्यासक्रमात शक्यतेवरसुद्धा एक धडा होता. पोरं वर्गात नाणी उडवून तक्ते भरायची. दहादा उडवलं तर आठ छापे येऊ शकतात, पण हजारदा उडवलं तर आठशे येणार नाहीत. म्हणजे थोड्या आकड्यांवरून मोठा निष्कर्ष काढायचा नाही, हे होशंगाबादची आठवीतली पोरं शिकत होती. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

१९७८ साली कार्यक्रम सगळ्या जिल्ह्यात गेला. विस्तार म्हणून उत्तमच. पण मोजमापाच्या नजरेने बघितलं, तर इथे एक गोष्ट हातची गेली. सोळा शाळांत नवी पद्धत आणि शेजारच्या गावात जुनी, असं असतं तेव्हा तुलना करता येते. आमच्याकडे नवं फीचर आधी थोड्याच युजर्सना देतात, ते याचसाठी. सगळ्यांना एकदम दिलं की फरक कशाशी ताडून बघणार? पुढे १९८२ मध्ये 'एकलव्य' संस्था उभी राहिली. तिच्यामार्फत इतर जिल्ह्यांतल्या काही-काही शाळांत हे काम गेलं. तिथे तुलना शक्य होती. शेवटी आकडा हजाराच्या आसपास शाळा आणि लाखभर मुलांपर्यंत गेला.

आणि २००२ मध्ये राज्य सरकारने कार्यक्रम बंद केला. विरोधकांच्या तक्रारींतली एक ठळक तक्रार अशी, की होशंगाबादची मुलं पुढे बोर्डाच्या परीक्षेत मागे पडतात.

आता जरा थांबून बघूया. कार्यक्रम आठवीपर्यंतचा, आणि तोही एकाच विषयाचा. दहावीचा निकाल म्हणजे सगळे विषय आले. जिल्ह्याच्या टक्केवारीत गणित, इंग्रजी, रिकाम्या शिक्षकांच्या जागा, घरची गरिबी सगळं मिसळलेलं असतं. त्यातून 'बाल वैज्ञानिक'चा वाटा वेगळा कसा काढणार? नाणी उडवणाऱ्या पोरांनीच हा निष्कर्ष खोडला असता.

पण पालकांची भीती मला खोटी वाटत नाही. छोट्या शेतकऱ्याच्या पोराला पॉलिटेक्निक असो, पोलीस भरती असो, दारावर मार्कशीटच मागतात. पोरगं प्रश्न विचारायला लागलं याचा दाखला कुठल्या खिडकीवर चालतो? कार्यक्रम मोजत होता जिज्ञासा आणि घरचे मोजत होते नोकरी. या दोन फूटपट्ट्यांची गाठच पडली नाही, असं मला वाटतं. आणि मग ज्याच्या हातात सही होती, त्याची फूटपट्टी चालली.

काही परिणाम तर कुठल्याच रकान्यात बसत नाहीत. १९७८ मध्ये पुण्याच्या टेल्कोतला एक तरुण इंजिनीअर सुट्टी काढून होशंगाबादला गेला. आयआयटी कानपूरचा. तिथे त्याने सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि आगपेटीच्या काड्या जोडून त्रिकोण, चौकोन, घनाकृती बनवायला सुरुवात केली. ते अरविंद गुप्ता! पुढे पुण्याच्या आयुकात त्यांनी कचऱ्यातून खेळणी बनवायला किती मुलांना शिकवलं, हे तुमच्यापैकी काहींनी स्वतः अनुभवलं असेल. हे होशंगाबादच्या निकालात कोण धरणार?

नोकरी-धंद्याची फूटपट्टी उघडपणे हातात घेणारं उदाहरण आपल्याच पुणे जिल्ह्यात आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग हिंदुस्थान लिव्हरमधलं संशोधन सोडून आले आणि १९८३ मध्ये त्यांनी पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला. तिथे मुलं वेल्डिंग, वायरिंग, बांधकाम, शेती शिकतात आणि गावातल्या लोकांची कामं पैसे घेऊन करून देतात. गेट नीट लागत नसेल तर गिऱ्हाईक तिथल्या तिथे सांगतं, त्यासाठी वेगळा अहवाल लागत नाही. पण पाबळची गोष्ट मोठी आहे, तिला पुढचा अख्खा भाग देतो. तोवर 'बाल वैज्ञानिक' शोधून वाचा, अरविंद गुप्तांच्या साइटवर पुस्तकांचा खजिना फुकट आहे. फोनवर नीट उघडतात, फक्त फाइली जरा जड आहेत, वायफायवर उतरवा.