शहराचा हिशोब: पुणतांब्याहून नगर, खडकी आणि मालेगाव

दख्खनमधल्या आपल्या शहरांचा इतिहास आपण बहुतेक वेळा इमारतींतून वाचतो. नगर म्हटले की फराहबाग आणि भुईकोट किल्ला, औरंगाबाद म्हटले की बीबी का मकबरा, दौलताबाद म्हटले की चाँदमिनार. कोणी बांधले, कोणी पाडले, कोणी नाव बदलले यावर आपल्याकडे भरपूर लिहिले जाते. पण या शहरांत जी सामान्य माणसे बिऱ्हाड घेऊन आली, त्यांनी येताना काय विचार केला असेल? पाणी कुठले, धान्य कुठले, काम कोणते आणि शेजारी कोण? हा इतिहास फारसा लिहिला जात नाही, आणि आज आपल्याला त्याचीच जास्त गरज आहे.

२००१ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रातले सुमारे ७० टक्के मुसलमान शहरांत राहत होते, तर राज्याच्या एकूण लोकसंख्येत हे प्रमाण ४२ टक्क्यांच्या आसपास होते. म्हणजे गाव सोडून शहरात जाणे ही आपल्या समाजाच्या जगण्यातली सर्वांत मोठी घडामोड आहे. अजूनही ती चालू आहे. पुणतांब्याला माझ्या बहिणीचे घर आहे. तिचा मुलगा, सून आणि दोन लेकरे शहरात जायच्या विचारात आहेत. भाच्याने एका वहीत रकाने आखले आहेत: नगर, संभाजीनगर, मालेगाव. प्रत्येकाखाली घरभाडे, शाळेची फी, गॅस, पेट्रोल, दवाखाना. "मामू, यातलं परवडेल कोणतं?" असे त्याने विचारले. त्याचे रकाने बरोबर आहेत, पण मला ते अपुरे वाटतात. या तिन्ही नावांमागे जो इतिहास आहे, त्यातून आणखी काही रकाने निघतात.

आधी पुणतांब्यापासूनच सुरुवात करू. गोदावरीच्या काठावरचे हे जुने तीर्थाचे गाव. योगी चांगदेवांची समाधी इथे आहे, अहिल्याबाई होळकरांनी बांधलेला घाट आहे. दौंड-मनमाड रेल्वेमार्गावरचे हे स्थानक. अलीकडे इथूनच शिर्डीला फाटा गेला. हा दौंड-मनमाड मार्ग १८७८ मध्ये सुरू झाला. त्याचे काम चालले ते १८७६ ते ७८ च्या भीषण दुष्काळात, आणि त्यावर दुष्काळी कामाचे मजूर राबले. म्हणजे ज्या रुळांवरून या भागातली माणसे पुढे शहरांकडे गेली, ते रूळ भुकेल्या माणसांनीच अंथरले होते.

याच मार्गावर चितळी सोडले की श्रीरामपूर येते. स्थानकाचे नाव अजून बेलापूरच आहे. रेल्वे आली, भंडारदरा धरणाचे पाणी प्रवरेच्या कालव्यांतून आले, ऊस आला, साखर कारखाना आला, आणि एका स्थानकाभोवती बाजारपेठेचे शहर उभे राहिले. तिथे शहर वसवायला सुलतान लागला नाही. पाणी, पीक आणि वाट एकत्र आली की शहर आपसूक वाढते. यातली एक गोष्ट जरी तुटली तरी काय होते, ते सातशे वर्षांपूर्वीच्या एका स्थलांतरात दिसते.

१३२७ मध्ये मुहंमद बिन तुघलकाने देवगिरीचे दौलताबाद करून राजधानी तिकडे हलवली. त्याला आपण आजही वेडा म्हणतो. वास्तविक त्याचा विचार अगदीच पोकळ नव्हता. दख्खनवर राज्य करायचे तर दिल्ली लांब पडत होती. झियाउद्दीन बरनी हा तुघलकाचा कठोर टीकाकार, पण सुलतानाने लोकांना वाटेत आणि पोहोचल्यावर सढळ हाताने मदत दिली, हे तोही नोंदवतो. आजच्या भाषेत सांगायचे तर बदलीचा भत्ता मिळाला, राहण्याची सोय झाली, खर्चाचा रकाना सुलतानाने भरला. तरीही काही वर्षांतच लोकांना परत जायची परवानगी द्यावी लागली. माणसांना कोणी विचारलेच नव्हते. दिल्लीत त्यांच्या पिढ्यांच्या कबरी होत्या, नातीगोती होती, ओळखीचा बाजार होता. इथे त्यांच्याजवळ होता फक्त हुकूम.

पण सगळेच परतले नाहीत. बुरहानुद्दीन गरीब, कवी अमीर हसन सिजजी यांच्यासारखी माणसे इथेच राहिली आणि खुलदाबादच्या मातीत मिळाली. दरबाऱ्याचे काम दरबाराबरोबर जाते. सूफीचे काम माणसांत असते, आणि माणसे इथेही होती. गाव बदलल्यावर टिकतो तो, ज्याचे काम नव्या गावालाही लागते. हा पहिला जास्तीचा रकाना: आपण जे काम जाणतो, त्याची त्या शहराला गरज आहे का?

आता नगरकडे येऊ. मलिक अहमद निजामशाहाची राजधानी होती जुन्नर. २८ मे १४९० ला भिंगारजवळ बहामनी फौजेचा पराभव केल्यावर त्याने तिथे बाग उभारली आणि पुढच्या काही वर्षांत सीना नदीच्या काठी अहमदनगर वसवले. जागा निवडण्यामागचे कारण रोखठोक होते. त्याला दौलताबादचा किल्ला हवा होता आणि तो लढून मिळत नव्हता. जुन्नर आणि दौलताबाद यांच्या मधोमध तळ टाकला, तर सुगीच्या वेळी फौज पाठवून दौलताबादभोवतीची उभी पिके लुटता येणार होती. त्याने तसेच केले, आणि १४९९ मध्ये दौलताबाद त्याच्या हाती आले. तोफेने न पडणारा किल्ला भोवतालची शेते मोडल्यावर पडला. शहराचा जीव तटबंदीत नसतो, शिवारात असतो, हे निजामशाहाला नीट कळले होते.

मला इथे २०१७ चे पुणतांबे आठवते. ग्रामसभेने ठराव केला आणि १ जूनपासून शेतकरी संपावर गेले. शहरांकडे जाणारे दूध आणि भाजीपाला अडवला गेला. आठवडाभरातच शहरांतल्या मंडयांमध्ये भाव चढले, आणि महिना संपायच्या आत सरकारला कर्जमाफी जाहीर करावी लागली. निजामशाहाने दुसऱ्याची पिके लुटली होती, इथे शेतकऱ्यांनी स्वतःचाच माल रोखून धरला. दोन्ही गोष्टी एक नाहीत. पण दोन्हींतून कळते ते एकच: शहरातले 'परवडणे' कोणाच्या तरी न परवडण्यावर उभे असते. भाच्याच्या वहीत शहरातल्या दुधाचा आणि टोमॅटोचा भाव स्वस्त दिसतो. तो स्वस्त आहे, म्हणूनच तर त्याला शेती सोडावीशी वाटते. हा दुसरा रकाना: शेत विकून शहरात गेलो तर आपण भाव ठरवणाऱ्यांत जाणार नाही, नुसते भाव देणाऱ्यांत जाऊ.

निजामशाही नगर भरभराटले ते पाण्यामुळे. शहराजवळ नदी एक आणि तीही लहान, म्हणून कापूरवाडी, शेंडी, वडगाव अशा आजूबाजूच्या गावांतून खापरी नळांनी पाणी शहरात आणि बागांत खेळवले गेले. या शहराची तुलना बगदाद आणि कैरोशी होत असे. पण याच नगरने शहर राहण्याजोगे नसणे म्हणजे काय, तेही दाखवले. १५८९ मध्ये गादीच्या भांडणातून दख्खनी आणि आफाकी, म्हणजे इराण-तुराणकडून आलेले, असा वाद पेटला आणि शहरात परदेशी मुसलमानांची कत्तल झाली. इतिहासकार फरिश्ता तेव्हा नगरमध्ये होता. तो त्याच वर्षी विजापूरला निघून गेला. पाणी तेच, बागा त्याच, बाजार तोच, आणि तरी माणसाला शहर सोडावे लागले. मारणारे आणि मरणारे दोघेही कलमा वाचणारेच होते. तेव्हा आपल्या माणसांचे शहर म्हणजे सुरक्षित शहर, हे गणितही इतके सोपे नाही. वाद पेटला की मध्ये पडणारे कोणी आहे का, हा तिसरा रकाना.

चौथा रकाना मलिक अंबरचा. हबश देशातून गुलाम म्हणून आलेला हा माणूस निजामशाहीचा सर्वेसर्वा झाला. १६१० मध्ये त्याने खडकी वसवली, जी पुढे औरंगाबाद झाली आणि आता छत्रपती संभाजीनगर आहे. मोठी नदी जवळ नसताना त्याने डोंगराकडचे झरे जमिनीखालच्या नहरीने शहरात आणले. १६१६ मध्ये मुघल फौजांनी खडकी लुटली, जाळली. शहर पुन्हा वसले. नहरे-अंबरीचे पाणी त्यानंतर शतकानुशतके लोक पीत राहिले. अंबरला कळले होते की माणसे बोलावण्याआधी पाणी बोलवावे लागते.

आजचे संभाजीनगर पैठणच्या नाथसागरातून पाणी घेते. हे पाणी गोदावरीचे. म्हणजे पुणतांब्याच्या घाटावरून वाहत गेलेलेच पाणी खाली धरणात साठते, आणि तिथून शहराच्या नळाला येते. पण शहर इतके वाढले आणि जलवाहिन्या इतक्या अपुऱ्या पडल्या की अनेक वस्त्यांत कित्येक दिवसांनी एकदा पाणी येण्याची लोकांना सवय झाली आहे. टँकर विकत घेणाऱ्याला ते घरभाड्याखालोखाल जड जाते. नदीकाठचा माणूस नदीच्या खालच्या अंगाला जाऊन तेच पाणी विकत घेणार! भाडे विचारताना दर महिन्याला टँकर किती लागतो, हेही विचारायला हवे.

मालेगावचे उदाहरण मला सर्वांत जवळचे वाटते, कारण तिथली वस्ती कोणा सुलतानाच्या हुकमाने वाढली नाही. मोसम नदीकाठी नारोशंकराने १७४० च्या सुमारास बांधायला घेतलेल्या किल्ल्याभोवतीचे हे गाव. १८५७ नंतरच्या दशकांत आझमगड, मऊ, बनारसकडचे मोमीन विणकर दंगलींना, दुष्काळाला आणि गिरणीच्या कापडाच्या माऱ्याला कंटाळून मुंबई-आग्रा रस्त्याने खाली उतरले. त्यांतले अनेक मालेगावला थांबले. खानदेशचा कापूस जवळ होता, जागा स्वस्त होती आणि गिऱ्हाईक दारात होते. उर्दू बोलणाऱ्या या विणकरांनी विणली काय, तर मराठी शेतकरणीची लुगडी. ज्यांच्यात जाऊन राहायचे त्यांना काय हवे, हे त्यांनी पाहिले. विसाव्या शतकात हातमागांच्या जागी यंत्रमाग आले आणि शहर त्यावरच उभे राहिले. आज यंत्रमाग अडचणीत आहे आणि दाटी खूप आहे. तरी कमी भांडवलात रोजगार सुरू करण्याची वाट तिथे अजून आहे.

शेवटचा रकाना कोणत्याही जाहिरातीत नसतो. मध्यम शहरांत घर पाहायला गेल्यावर फोनवर रिकामी असलेली खोली नाव सांगितल्यावर भरलेली निघते, हे आपल्यातल्या अनेकांनी अनुभवले आहे. मग कुटुंबे ठरावीक मोहल्ल्यांतच घरे शोधतात. मागणी तिथेच दाटते, भाडे तिथेच चढते, गटार आणि रस्ता मात्र तसेच राहतात. नावावर बसलेली ही एक वेगळी पट्टीच आहे, आणि ती दर महिन्याला भरावी लागते. दोन माणसांचा पगार सारखा असूनही एकाला शहर परवडते, दुसऱ्याला नाही, याचे हे एक कारण.

हे सगळे धरून माझे मत नगरच्या बाजूने पडते. साडेतीन लाख वस्तीचे (२०११ ची जनगणना) शहर अजून आवाक्यात आहे. पाणी मुळा धरणाचे आहे. भाच्याच्या हातात मोटारी दुरुस्तीचे काम आहे आणि नगरच्या औद्योगिक वसाहतीला तसल्या हातांची गरज पडते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पुणतांबे आणि नगर एकाच रुळावर आहेत. सकाळी निघून संध्याकाळी परत येता येते. मात्र एक अट मी घातली आहे: शेत विकायचे नाही, आणि पहिले वर्षभर गावातले घर बंद करायचे नाही. विणकर मालेगावला आले तेव्हा मागचे सगळे संपले होते. आपले अजून संपलेले नाही.

गावातून एकेक घर शहरात गेले की मशिदीतली सफ आखूड होते, कब्रस्तानाच्या भिंतीकडे पाहणारे कोणी राहत नाही आणि उरुसाला वर्गणी देणारी नावे फक्त वहीत उरतात. शहरात काय मिळेल याचा हिशोब आपण करतो, तो केलाच पाहिजे. त्याच वहीत मागे काय पडेल याचेही एक पान असावे, आणि ते पान घरातल्या बायकांना विचारून लिहावे. टँकरची वाट त्यांनाच पाहावी लागते, आणि शेजार कसा आहे हेही सगळ्यांत आधी त्यांनाच कळते.