घर कुणाच्या नावावर? भायखळ्याच्या बायांची गोष्ट

 

दसरा-दिवाळी झाली की आपल्याकडच्या कितीतरी घरांना कुलूप लागतं. उचल घेतलेली असते, कोयता निघतो आणि पुढचे पाच-सहा महिने संसार कोपीत. त्या कोपीला ना दार, ना नंबर. म्हणून आज मुंबईतल्या अशाच बिननंबरी घरांतल्या बायांचा इतिहास सांगते.

मुंबईला गिरण्यांसाठी माणसं हवी होती, पण माणसांसाठी घरं बांधायची घाई कुणाला नव्हती. 1896 साली तिथं प्लेग आला. मग 1898 साली इंग्रज सरकारनं सुधार ट्रस्ट काढला. दाटीच्या वस्त्या पाडल्या, रस्ते रुंद केले. पाडणं झपाट्यानं झालं, बांधणं मात्र सावकाश. घर गेलेली माणसं शेजारच्या चाळीत आणखी दाटीवाटीनं राहू लागली. पुढं 1920 च्या दशकात सरकारनं वरळी, नायगाव, शिवडी, डिलाईल रोड इथं बीडीडी चाळी बांधल्या. एक खोली साधारण 160 चौरस फुटांची आणि संडास सामाईक. तेवढंही सगळ्यांच्या वाट्याला आलं नाही.

1972 च्या दुष्काळानंतर आपल्या मराठवाड्यातलेही लोक मुंबई-पुण्याकडे गेले. ज्यांना झोपडीचं भाडंसुद्धा परवडेना, त्यांनी कामाच्या जवळ फुटपाथवरच पाल टाकलं. लांब राहिलं तर मजुरी गाडीभाड्यातच जाणार.

1981 च्या जुलैमध्ये, भर पावसात, सरकारनं फुटपाथवरची ही घरं हटवायला सुरुवात केली. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. 10 जुलै 1985 ला निकाल लागला. कोर्ट म्हणालं, जगण्याच्या हक्कात पोट भरण्याचा हक्कही येतो. पण फुटपाथवर राहण्याचा हक्क मात्र कोर्टानं मान्य केला नाही. नोटीस द्या, पावसाळा सरू द्या, मग हटवा, असं सांगितलं. म्हणजे मान मिळाला, छप्पर नाही मिळालं.

आता आपल्या कामाचा भाग ऐका. 1984 साली शीला पटेल आणि त्यांच्या सोबतिणींनी भायखळ्यात स्पार्क ही संस्था सुरू केली होती. त्यांनी आणि फुटपाथवरच्या बायांनी मिळून 1985 साली आधी एक काम केलं. त्यांनी मोजणी केली. सरकारी कागदावर ही माणसं नव्हतीच. मोजल्यावर सहा हजारांच्या वर कुटुंबं निघाली. कोण कुठून आलं, काय काम करतं, किती वर्षं झाली, सगळं लिहून काढलं.

मग 1986 साली बायांची संघटना झाली, महिला मिलन. एकीनं रोज गल्लीत फिरायचं आणि जमेल तेवढे पैसे गोळा करायचे. आजारपणाला, रेशनला त्यातूनच कर्ज. घराची बचत वेगळी. रेशनकार्डासाठी एकटी गेली तर साहेब हाकलायचा, म्हणून दहाजणी मिळून जायच्या. पुढं त्यांनी घराचा नकाशाही स्वतःच ठरवला आणि त्याचा पूर्ण मापाचा नमुना उभा करून लोकांना दाखवला. खोली लहान असली तरी चालेल, पण छत 14 फूट उंच हवं, म्हणजे वर माळा काढून लेकरं झोपतील. हे कुठल्या इंजिनिअरला सुचलं नव्हतं.

1995 च्या झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत फुटपाथवरची कुटुंबंही धरली गेली, आणि घर नवरा-बायको दोघांच्या नावावर करायचा नियम आला. मानखुर्दला मिलन नगर उभं राहिलं. पहिल्या बचतीपासून घराची किल्ली हातात येईपर्यंत तरुण बायांचे केस पिकले. भायखळ्याची ही रीत दक्षिण आफ्रिकेतल्या झोपडपट्ट्यांतही पोचली आणि 1996 साली अनेक देशांतल्या अशा संघटना एकत्र आल्या.

मुंबईत सगळ्यांना घरं मिळाली असं मी म्हणणार नाही. आजही तिथं कितीतरी माणसं झोपडीत आणि फुटपाथवर राहतात. पण ज्यांना घर मिळालं, त्यांनी आधी स्वतःला मोजलं होतं, हे विसरू नका.

आपलं गावात घर आहे. पण गटाच्या बैठकीत मी जेव्हा विचारते, “घर कुणाकुणाच्या नावावर आहे?” तेव्हा बायका एकमेकींच्या तोंडाकडे बघतात. हात थोडेच वर येतात. सारवण आपलं, गिलाव्याचं पाणी आपण मारायचं, आणि कागदावर नाव फक्त धन्याचं. उद्या काही बरंवाईट झालं तर दारात उभं राहायचा आधार कोणता?

घरकुल योजनेत किमान 25 चौरस मीटरचं घर धरलेलं आहे, आणि ते पती-पत्नी दोघांच्या नावावर मंजूर होऊ शकतं. चूल कुठं, न्हाणी कुठं, हे पाया खोदण्याआधीच सांगा.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं ग्रामपंचायतीतून आपल्या घराचा नमुना 8 चा उतारा आणायचा. वाचता येत नसेल तर शेजारणीकडून वाचून घ्या. नाव नसेल तर अर्ज लिहू. आणि ग्रामपंचायतीत एकटी जाऊ नका, दहाजणी मिळून जा.

येते मग. रामराम.